विमानाचे लहान भाग हाताने घडवताना: कात्री, कानस आणि बाभळीचा फॉर्मा

नागपूरला काटोल रोडवर एका डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यामागे गाडीचं शेड आहे. त्यात गाडी नाही, अर्धं विमान आहे. झेनिथ सीएच ७०१, दोन सीटचं, वरच्या अंगाला पंख असलेलं, सगळं पत्र्याचं. क्रिस हाइन्ट्झ नावाच्या इंजिनिअरने १९८६ मध्ये त्याची आखणी केली आणि तेव्हापासून अनेक देशांतल्या लोकांनी ते घरच्या घरी बांधलं. डॉक्टरसाहेबांनी तयार भागांचं किट घेतलं नाही, नुसते बांधणीचे नकाशे घेतले. नकाशे स्वस्त पडतात. एकेक कंस (ब्रॅकेट), एकेक रिब (पंखाला आकार देणारी फासळी) हाताने करावी लागते तेव्हा ही स्वस्ताई कशातून वसूल होते ते कळतं. त्यांना ते पहिल्या महिन्यातच कळलं आणि ते माझ्या दारात आले.

मी मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालो. कानस, कात्री, ड्रिल यांच्यात आयुष्य गेलं. विमान मात्र मी सोनेगावला कुंपणाबाहेरूनच पाहिलेलं. "काकाजी, पत्र्याचंच तर काम आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. मलाही तसंच वाटलं. पहिले दोन आठवडे मी जे केलं ते सगळं भंगारात गेलं, आणि ते कशामुळे गेलं तेच खाली सांगतो आहे. ज्याच्याकडे वाइस, दोन कानशी आणि धीर आहे त्याला यातलं बहुतेक जमेल.

एक गोष्ट आधीच. नकाशात लिहिलं असेल ते खरं, माझं नाही. आणि पहिला पत्रा कापण्याआधी डीजीसीएचे, म्हणजे विमानांचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम वाचून, विचारून घ्या. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांनी २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांसमोर ठेवलं, पण उडवून बघायचा परवाना हातात पडायला २०१९ उजाडलं. म्हणून आम्ही प्रत्येक भागाचा फोटो, तारीख आणि कोणत्या पत्र्यातून कापला ते वहीत लिहितो. माझी पुतणी आयटीआयला शिकते, वही तिच्याकडे.

पत्रा कोणता, आणि गेजचा घोळ

सवयीने मी पहिल्यांदा इतवारीच्या लोहाओळीत गेलो. नकाशात जाडी लिहिली होती ०.०२५ इंच. दुकानदाराने विचारलं, "कितवा गेज, भाऊ?" मी कुठेतरी वाचलं होतं की ०.०२५ म्हणजे २२ गेज. तसं म्हणालो. त्याने २२ गेज दिला. घरी येऊन मायक्रोमीटर लावला तर ०.७१ मिलिमीटर. ०.०२५ इंच म्हणजे ०.६३५ मिलिमीटर हवा होता.

चूक त्याची नव्हती. अमेरिकेचा २२ गेज वेगळा आणि आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश चालीचा २२ गेज वेगळा. तेव्हा गेज हा शब्द तोंडातून काढूच नका. मिलिमीटर सांगा आणि मायक्रोमीटर खिशात ठेवा.

पण खरी अडचण जाडीची नाहीच. दुकानातलं अल्युमिनियम बहुतेक वेळा जवळपास शुद्ध, मऊ असतं. कूलरच्या पाट्या, साइनबोर्ड यांना ठीक. विमानाला लागतो ६०६१-टी६ नाहीतर २०२४-टी३. आकडा मिश्रधातूचा, पुढचा टी कडकपणाचा. दुकानात 'एचई ३०' म्हणून जो कडक माल मिळतो तो ६०८२. ६०६१ चा चुलतभाऊ म्हणा हवं तर, पण नकाशात चुलतभावाचं नाव नाही. ७०१ ला ६०६१-टी६ लागतो. तो कागदासकट मागवावा लागतो, आणि कागदावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या खेपेचा नंबर, पत्र्यावरच्या छापाशी जुळला पाहिजे. कागद नसेल तर तो पत्रा कितीही चकचकीत असू द्या, त्याची पाटी करा, रिब करू नका.

पत्र्यावरचं निळं किंवा पांढरं प्लॅस्टिक शेवटपर्यंत काढायचं नाही. त्याच्यावरच आखणी करता येते. आणि आखणीवरूनच माझी पहिली खोड मोडली.

रेघ कशाने ओढायची

चाळीस वर्षं माझ्या उजव्या कानावर पेन्सिल असायची. आता नसते. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं. अल्युमिनियमवर ते राहिलं आणि ओल लागली की तिथे गंज धरायला सुरुवात होते. लोखंडासारखा लाल नाही, पांढरी भुकटी येते. म्हणून बारीक टोकाचा मार्कर वापरायचा आणि काम झालं की स्पिरिटने पुसायचा.

स्क्राइबर, म्हणजे ओरखडा काढून आखायची टोकदार सुई, तर त्याहून वाईट. वर्कशॉपात आम्ही सगळं स्क्राइबरने आखायचो, रेघ बारीक आणि पक्की येते. पहिल्या दिवशी मी एका पट्टीवर वाकवायची रेघ स्क्राइबरने मारली आणि वाकवली. पट्टी सुंदर वाकली. पुतणीने दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि म्हणाली, "मोठेबाबा, हे बघा, तडकलं." रेघेवरच केसासारखी चीर. उड्डाणात पंख थरथरतो, भाग हजारो वेळा किंचित वाकतो आणि सरळ होतो. अशा वेळी प्रत्येक ओरखडा म्हणजे फाटायला दिलेली सुरुवात. कापड फाडायच्या आधी आपण कडेला कात्रीने चिमटा घेतो ना, तसंच. स्क्राइबर फक्त तिथेच चालतो, जिथली रेघ कापून टाकायची आहे.

एक साधा कंस

सुरुवात एल आकाराच्या छोट्या कंसाने करा. माझ्या हिशेबाने यातच अर्धं शास्त्र आहे.

समजा दोन्ही बाजू बाहेरून २० मिलिमीटर हव्यात आणि पत्रा ०.८ चा आहे. नवशिका ४० मिलिमीटरची पट्टी कापतो, मधोमध वाकवतो, आणि कंस मोठा होतो. पत्रा कोपऱ्यात काटकोनात वळत नाही, गोलाईत वळतो. गोलाईचा रस्ता काटकोनापेक्षा जवळचा. डब्याच्या पत्र्यावर हा फरक कोणी बघत नाही, इथे भोकं जुळत नाहीत.

हिशेब असा. आतली गोलाई, म्हणजे वळणाची त्रिज्या, नकाशाप्रमाणे ३.२ मिलिमीटर धरा. प्रत्येक बाजूतून गोलाई आणि जाडी वजा करा: २० वजा ३.२ वजा ०.८, म्हणजे १६. दोन्ही बाजूंचे सपाट भाग मिळून ३२. मधल्या वळणाला किती पत्रा लागतो त्याचं जुनं सूत्र आहे: गोलाईला ०.०१७४३ ने गुणा, जाडीला ०.००७८ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि तिला अंशांनी गुणा. आपल्या कंसाला ते ५.५८ येतं. म्हणजे पट्टी ३७.६ मिलिमीटरची, ४० ची नाही. डॉक्टरसाहेबांनी हे मोबाइलवर बसवून ठेवलं आहे. मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे, मोबाइलला ॲल्युमिनियमचे हात लावायला मला आवडत नाही.

गोलाई मनाने कमी करायची नाही. कोपरा टोकदार दिसला की काम सफाईदार वाटतं, ही वर्कशॉपातली समजूत. टी६ कडक असतो, टोकदार वळवला की बाहेरच्या अंगाला ताणून तडकतो. जाडीच्या तिप्पट-चौपट गोलाई हवीच. २०२४-टी३ असेल तर चौपटीच्या खाली मी जात नाही.

आता रेषा. पत्रा कारखान्यात लाटला जातो तेव्हा त्याला लाकडासारखे रेषे पडतात. तिरप्या उजेडात बारीक रेघा दिसतात. वळणाची रेघ त्या रेषांना आडवी आली पाहिजे, समांतर नको. लाकडाची फळी रेषांच्या दिशेने कशी पटकन फाटते, ते आठवा. खात्री नसेल तर त्याच पत्र्याच्या २५ मिलिमीटर रुंद दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी, दोन्ही वाकवून भिंगाखाली बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आम्ही प्रत्येक नव्या पत्र्याला हे करतो आणि त्या पट्ट्यांवर तारीख टाकून खिळ्याला अडकवून ठेवतो. शेडच्या भिंतीवर आता त्यांचं तोरण झालं आहे.

कापताना रेघेच्या बाहेरून एक मिलिमीटर सोडून कापा. विमानाच्या कामाच्या कात्र्या तीन मिळतात: लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. कात्रीचे पाते शेवटपर्यंत मिटवू नका, टोकाशी कापलं की आडवी खाच पडते. उरलेला एक मिलिमीटर कानशीने काढायचा.

इथे घाई करणाऱ्यांसाठी एक वाक्य: कंस वाकवायला मला दोन मिनिटं लागतात, त्याच्या कडा करायला वीस. आधी सेकंड कट म्हणजे मध्यम दाताची कानस, मग स्मूद म्हणजे बारीक दाताची, मग चारशेचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून. कडेवर बोट फिरवलं की कुठेही अडकता कामा नये, आणि घासल्याच्या रेघा कडेच्या लांबीने गेल्या पाहिजेत, आडव्या नाहीत. अल्युमिनियम मऊ असल्याने कानशीच्या दातांत भरतं आणि मग तोच कण पत्र्यावर नांगर चालवतो. कानशीला आधी खडू घासा, भरणार नाही. लोखंडाला वापरलेली कानस किंवा ब्रश अल्युमिनियमला लावू नका. लोखंडाचा कण रुतून बसतो आणि तिथून गंज लागतो. आमच्याकडे अल्युमिनियमच्या कानशींच्या मुठी निळ्या रंगवल्या आहेत. निळ्याला हात लावून लोखंड घासणाऱ्याने सगळ्यांना तर्री पोहे द्यायचे. डॉक्टरसाहेबांनी आतापर्यंत तीनदा दिले.

कडा वाकवण्याच्या आधी करायच्या, नंतर नाही. वळणाच्या जागी कडेला बर, म्हणजे कापताना उठलेली खरखरीत धार, राहिला तर चीर तिथूनच निघते.

वाकवायला वाइसमध्ये दोन दांडे लागतात. एका दांड्याच्या वरच्या कोपऱ्याला ३.२ ची गोलाई द्यायची. मी सागाचा चांगला दांडा घेतला, कानशीने गोलाई आणली आणि गोलाईमापकाने तपासली. पट्टीवर १६ मिलिमीटरवर एक रेघ, आणि त्याच्या पुढे ३.२ वर, म्हणजे १९.२ वर दुसरी. ही दुसरी रेघ दांड्याच्या माथ्याशी बरोबर सपाट आली पाहिजे. पहिली रेघ दांड्यांच्या आत लपते, कारण वळण तिथून सुरू होतं. ही १९.२ ची भानगड समजायला मला एक दिवस लागला आणि सात पट्ट्या.

मग हाताने दाबत वाकवा आणि लाकडाचा ठोकळा वर धरून लाकडी मोगरीने बसवा. हातोडी नको. लोखंडी हातोडी पत्रा वाकवत नाही, कुटते. कुटलेला पत्रा पसरतो आणि मग बाजू केळ्यासारखी होते. नव्वदला सोडलं की पत्रा थोडा मागे येतो, म्हणून दोनचार अंश जास्त वाकवायचं. नेमके किती ते तुमचा पत्रा सांगेल, वाया गेलेल्या पट्टीवर बघा.

भोकं शेवटी. आधी २.५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि सगळे भाग जागेवर बसवल्यावर शेवटच्या मापाला मोठं करा. ३.२ च्या रिवेटला ३० नंबरचं ड्रिल, म्हणजे ३.२६ मिलिमीटर. भोकाचा मध्य कडेपासून रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट आत हवा. ३.२ ला ६.४, आणि नकाशात जास्त सांगितलं असेल तर जास्त. आखताना ६.४ बरोबर आणि कानस जास्त चालल्याने ५.८, असं झालं की तो भाग गेला. "अर्ध्या मिलिमीटरने काय होतं जी?" असं एका पाहुण्याने विचारलं. मी त्याला भंगाराचा डबा दाखवला. भोकाचा बर मोठ्या ड्रिलचं टोक हातात धरून दोन फिरक्यांत काढा, तीन नको. जास्त फिरवलं की खड्डा होतो आणि कड सुरीसारखी पातळ होते.

रिब, बाभूळ आणि माझी सगळ्यात मोठी चूक

कंस जमला की पंखाच्या नाकाची रिब घ्या. पत्र्याचा एक तुकडा, पुढे पक्ष्याच्या छातीसारखा गोल, आणि भोवती वळवलेली कड, जिच्यावर पंखाचा पत्रा रिवेट होतो. ही कड वळवायला फॉर्मा, म्हणजे ज्याच्यावर पत्रा ठोकून आकार द्यायचा तो साचा, लागतो.

एमडीएफचा फॉर्मा सोपा पडतो, पण चार-पाच रिबांनंतर त्याची कड भुगा होते. लकडगंजच्या आरामशीनवर मी सागवान बघायला गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने विचारलं, काय ठोकायचं आहे त्याच्यावर? सांगितलं. तो म्हणाला, "सागवान काऊन वाया घालवता? बाभूळ घ्या. बैलगाडीचा तुंबा बाभळीचा असते." अनेक वर्षं वाळलेली बाभळीची फळी त्याने दिली. वीस मिलिमीटरला रंधून घेतली. तिच्यावर आता चाळीसच्या वर रिबा झाल्या, कड अजून तशीच आहे. कापताना मात्र करवतीचे दोन पाते गेले.

फॉर्म्याचं माप रिबेच्या बाहेरच्या मापाइतकं नसतं. फॉर्मा रिबेच्या आत बसतो, म्हणून चारी बाजूंनी पत्र्याच्या जाडीइतका लहान. कडेला ३.२ ची गोलाई. बाजूला चार अंशांचा आतला उतार, म्हणजे पत्रा नव्वदपेक्षा थोडा जास्त वळतो आणि मागे येऊन बरोबर नव्वदला थांबतो. वरून झाकणासारखा दुसरा ठोकळा, फॉर्म्यापेक्षा पाच मिलिमीटर आत. दोघांमध्ये पत्रा, आणि तिघांतून दोन सहा मिलिमीटरचे बोल्ट, म्हणजे ठोकताना सरकत नाही. बोल्टची भोकं नकाशात चालतील तिथेच. रिबेत वजन कमी करायचं मोठं भोक असेल तर तिथे घ्या, नंतर ते कापूनच जाणार आहे.

पत्रा कापताना कड वळवण्यासाठी बाहेर हवी तेवढी पट्टी ठेवा. जिथे दोन वळणं कोपऱ्यात भेटतात तिथे आधी छोटं गोल भोक पाडा आणि कापणी त्या भोकापर्यंतच आणा. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो, गोल भोकात पसरतो.

आता ठोकायचं. एका जागी पूर्ण वळवून पुढे जाऊ नका. पूर्ण कडेवरून वीस अंश, मग पुन्हा सुरुवातीपासून चाळीस, असं चार-पाच फेऱ्यांत उतरवा. मोगरीचा घाव तिरपा, घसरता. पोळी लाटताना आपण एकाच बाजूवर जोर देत नाही, फिरवत राहतो, तसं.

नाकाच्या गोलाईवर येऊन सगळे अडतात. तिथे पट्टीची बाहेरची कड लांब आणि आतली आखूड, वळल्यावर बाहेरच्याला आखूड जागेत मावायचं असतं. जास्तीचा पत्रा जातो कुठे? लाटा होऊन उभा राहतो. त्याला कुटून बसवायला गेलात तर पत्रा एकमेकावर दुमडतो आणि रिब गेली. दोन उपाय आहेत. नकाशात खाचा दाखवल्या असतील तर आधीच त्या कापा. नसतील तर फ्लूटिंगचा पकड वापरा. त्याच्या तोंडाला तीन गोल काड्या असतात, कडेला चिमटा घेतला की छोटी नाली पडते. प्रत्येक नालीत थोडा जास्तीचा पत्रा गोळा होतो, परकराच्या चुणीसारखा. नाली रिवेटच्या दोन भोकांच्या मधोमध आली पाहिजे, म्हणून भोकांच्या जागा आधी मार्करने टाका. पकड बाहेरून मागवावा लागला. मी आधी जुन्या पकडीच्या तोंडाला सायकलच्या आऱ्यांचे तुकडे वेल्ड करून एक बनवला होता. तो चालला, पण त्याच्या खुणा खोल पडायच्या, म्हणून सोडला.

रिब फॉर्म्यावरून काढली की ती हमखास धनुष्यासारखी वाकलेली असते. घाबरू नका. सपाट दगडावर ठेवा. आमच्याकडे कोणाच्या तरी ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा आहे. एक टोक उचललेलं दिसलं की ज्या बाजूची कड जास्त लांब राहिली तिथे अजून एक-दोन नाल्या घ्या. रिब हळूहळू सपाट बसते. शेवटी दगडावर बोटाने टिचकी मारली की खडखड वाजता कामा नये.

माझी मोठी चूक अशी की पहिल्या दिवशी मजा आली म्हणून एका पाठोपाठ सहा रिबा केल्या. सगळ्या सरस. डॉक्टरसाहेब संध्याकाळी ओपीडी आटोपून आले, त्यांनी एक हातात घेतली, मग दुसरी, आणि म्हणाले, "काकाजी, उजव्या पंखाच्या कुठे आहेत?" सहाही एकाच बाजूला वळवलेल्या. डाव्या पंखाच्या रिबा आणि उजव्या पंखाच्या रिबा आरशातल्यासारख्या असतात, चपलेच्या जोडासारख्या. आणि बाजूला चार अंशांचा उतार असल्याने तोच फॉर्मा उलटा करूनही चालत नाही, उतार उलटा पडतो. दुसरा फॉर्मा करावा लागला. आता एका फॉर्म्यावर 'डा' आणि दुसऱ्यावर 'उ' तापलेल्या सळईने कोरलं आहे. सहांपैकी तीन डाव्या पंखात गेल्या, बाकी तीन नमुना म्हणून टांगल्या.

गरम करून मऊ करायचा मोह होतो. इंटरनेटवर लोक साबण लावून, तो काळा होईपर्यंत गॅसच्या टॉर्चने तापवून पत्रा लोण्यासारखा वळवतात. भांड्याला, मोटरसायकलच्या टाकीला ते ठीक. ६०६१-टी६ चा कडकपणा कारखान्यातल्या भट्टीत आणलेला असतो. तो एकदा गेला की तुमच्या शेडमध्ये परत येत नाही. पूर्ण मऊ झालेल्या ६०६१ ची कायमचं न वाकता ताण सोसायची ताकद टी६ च्या पाचव्या हिश्शावर येते, आणि दिसायला दोन्ही सारखेच. तापवलेला भाग कोणता आणि न तापवलेला कोणता, हे सहा महिन्यांनी कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून आमच्या शेडमध्ये टॉर्चच नाही.

उन्हाळा

नागपूरच्या मे महिन्यात काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. अल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. जानेवारीत पहाटे दहा अंशांत आणि मेमध्ये पंचेचाळीस अंशांत, एक मीटर पत्र्यात जवळपास ०.८ मिलिमीटरचा फरक. स्टीलची मोजपट्टीही पसरते, पण त्याच्या निम्मी, म्हणजे मापात ०.४ ची चूक राहते. दहा सेंटिमीटरच्या कंसाला हे काहीच नाही. पण लांब पट्टीवर रिवेटची ओळ आखायची असेल तर पत्रा आणि मोजपट्टी दोन्ही एक तास सावलीत शेजारी ठेवा आणि जो भाग ज्याला जोडायचा तोही तिथेच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, आम्ही दुपारी बारानंतर आखणी करतच नाही. आणि घाम: त्यात मीठ असतं. बोटांचे ठसे पत्र्यावर तसेच राहिले तर पावसाळ्यात तिथेच पांढरे डाग उठतात. कूलरसमोर बसून काम करा, पण हात पुसून भाग उचला, आणि झालेला भाग लगेच स्पिरिटने पुसून प्राइमर मारा.

स्टीलची पट्टी

काही ठिकाणी ४१३० स्टील लागतं, क्रोम-मॉलीचं. जिथे पंखाचा टेकू अडकतो तिथल्या जाड पट्ट्या वगैरे. यातलं वेल्डिंग माझं नाही, ते शिकलेल्या वेल्डरकडेच द्यावं. पण पट्टी कापून घासणं हे फिटरचं काम आणि खरं सांगायचं तर मला यातच जास्त रस.

बाह्यरेघेच्या बाहेर ओळीने भोकं पाडायची, एकमेकाला जवळजवळ चिकटून, मग मधला उरलेला पडदा छिन्नीने तोडायचा आणि कानशीने रेघेपर्यंत आणायचं. ही रीत जुनी आहे. राइट बंधूंच्या सायकल दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने १९०३ च्या विमानाचं इंजिन सहा आठवड्यांत केलं, त्याची क्रँकशाफ्ट त्याने अशीच काढली: स्टीलच्या ठोकळ्यावर आकार आखला, भोकं पाडली, छिन्नीने जास्तीचं तोडलं, आणि मग लेथवर घेतलं. टेलरचा वाढदिवस २४ मे. अमेरिकेत तो दिवस विमान मेकॅनिकांचा म्हणून पाळतात. आमच्याकडे त्या सुमारास नवतपा तोंडावर असतो, म्हणून आम्ही फक्त उसाचा रस पितो.

जोडीने लागणाऱ्या दोन पट्ट्या बोल्टने एकत्र कसून एकदमच घासा, म्हणजे दोन्ही तंतोतंत येतात. करवतीचं पातं बारीक दाताचं, इंचाला बत्तीस. शेवटची कानस ओढून चालवा, म्हणजे कानस दोन्ही हातांत आडवी धरून लांबीच्या दिशेने मागेपुढे. रेघा जिकडे ओढ लागते त्या दिशेने राहिल्या पाहिजेत, आडव्या नाहीत. बोल्टचं भोक सरळ मापाच्या ड्रिलने पाडू नका. सव्वा सहाच्या आसपासच्या बोल्टला सहाचं पाडा आणि रीमरने मापाला आणा. ड्रिल तीनकोनी भोक पाडतं, रीमर गोल करतो. बोल्ट बोटाने ढकलून गेला पाहिजे, हातोडीने नाही आणि हलायलाही नको.

स्टीलच्या भागावर चीर तपासायला लाल रंगाचा तीन डब्यांचा संच मिळतो. पहिल्याने साफ करा, दुसरा लाल मारून थोडा वेळ ठेवून पुसा, तिसरा पांढरा फवारा. चीर असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अल्युमिनियमलाही चालतो. चीर सापडली तर टोकाला भोक पाडून ती थांबवतात, हे खरं. पण तो इलाज जुन्या विमानाच्या दुरुस्तीचा. नवीन कंसाला चीर आली तर तो कंस करण्यात गेलेला अर्धा तास सोडा.

भंगाराच्या डब्याबद्दल एक सांगून थांबतो. सुरुवातीला मी वाया गेलेले भाग तसेच डब्यात टाकायचो. एकदा पुतणी घाईत त्यातला एक कंस उचलून बसवायला निघाली. दिसायला अगदी चांगला, फक्त भोक कडेला अर्धा मिलिमीटर जवळ. तेव्हापासून नियम केला: भाग डब्यात टाकण्याआधी कात्रीने त्याचे दोन तुकडे करायचे. डबा भरला की भंगारवाला किलोने घेऊन जातो. मागच्या महिन्यात साडेतीन किलो निघालं. त्यातलं निम्मं माझं, एक किलो डॉक्टरसाहेबांचं, आणि बाकीचं कोणाचं ते पुतणीने वहीत लिहिलेलं नाही.